कॅटलॉग, लेटरहेड, पाऊच : कुठल्या कामाला कुठली छपाई?

प्रश्न : 16 पानी कॅटलॉग छापायचा आहे. एक छापखाना डिजिटल सुचवतो, दुसरा ऑफसेट. दरांत मोठी तफावत आहे. कोणाचं ऐकावं?

दोघंही आपापल्या मशीनच्या हिशेबानं बरोबर असतील. ऑफसेटमध्ये आधी प्लेट बनतात, सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा प्रत्येक रंगाची वेगळी. त्या मशीनवर चढवून रंग जुळेपर्यंत काही शीट वाया जातात. हा खर्च चांगली पहिली प्रत निघण्याआधीच होतो. पुढे शंभर छापा की दहा हजार, तो तेवढाच राहतो. डिजिटलला प्लेट लागत नाही, म्हणून पहिली आणि पाचशेवी प्रत साधारण एकाच भावात पडते.

तेव्हा एकाच संख्येचं कोटेशन मागू नका. 250, 500, 1000 आणि 2000 प्रतींचे दर दोघांकडून घ्या. ऑफसेट कुठल्या आकड्यापासून स्वस्त पडतं, ते समोर येईल.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या प्रती किती दिवसांत संपतील? प्रतीमागे स्वस्त पडतं म्हणून 2000 छापायच्या आणि उत्पादनं बदलली की निम्म्या रद्दीत घालायच्या, हे फार वेळा घडतं आणि दरवेळी हळहळ वाटते. मालाची यादी वरचेवर बदलत असेल तर प्रतीमागे महाग पडलं तरी डिजिटलच घ्या. प्रत्येक वितरकाचं नाव वेगळं छापायचं असेल तर दुसरा विचारच नको.

प्रश्न : आमच्या लोगोचा झगझगीत नारिंगी स्क्रीनवर छान दिसतो, छापल्यावर मळकट होतो. छापखान्याची चूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, कागदावर शाईचे चार रंग एकावर एक बसतात. झगझगीत नारिंगी किंवा तसाच हिरवा या चार रंगांतून पूर्णपणे निघतच नाही.

लोगोचा रंग हीच ओळख असेल तर स्पॉट कलर वापरा. म्हणजे पँटोनसारख्या रंगपुस्तिकेतला क्रमांक द्यायचा आणि त्या रंगाची शाई आधीच मिसळून घ्यायची. ऑफसेट आणि स्क्रीन प्रिंटिंगमध्ये (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणं) हे सहज होतं. डिजिटल मशीन बहुधा तो रंग इतर रंगांतून जवळपास साधतं. कागदही पाहा. तीच शाई गुळगुळीत आर्ट पेपरवर उठून दिसते आणि साध्या कागदात शोषली जाऊन दबते. म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, ज्या कागदावर काम होणार, त्यावरच मागा आणि दिवसाच्या उजेडात बघा.

प्रश्न : डिजिटलवर छापलेल्या लेटरहेडवर ऑफिसच्या लेझर प्रिंटरनं पत्र काढलं की लोगो पुसट होतो. असं का?

बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये शाईऐवजी टोनर, म्हणजे रंगाची पूड असते आणि ती उष्णतेनं कागदाला चिकटते. ते लेटरहेड पुन्हा लेझर प्रिंटरमधून गेलं की जुना टोनर मऊ होऊन रोलरला लागू शकतो. लेटरहेड ऑफसेटवर घ्या. त्यावर लेझर प्रिंट काढणार आहोत हे आधीच सांगा आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न : नव्या उत्पादनासाठी छापील पाऊच हवे आहेत. ग्रॅव्ह्युअर घ्यावं का?

सुरुवातीलाच नको, असं माझं ठाम मत आहे. ग्रॅव्ह्युअरमध्ये प्रत्येक रंगासाठी तांब्याचा थर असलेला सिलिंडर कोरतात. छपाई देखणी होते, लाखांच्या संख्येत परवडते. पण वजनाचा आकडा किंवा पत्ता बदलला तरी निदान त्या रंगाचा सिलिंडर नवा करावा लागतो. नव्या मालाचं असं काहीतरी पहिल्या काही महिन्यांत बदलतंच.

आधी कोरे पाऊच घ्या आणि डिजिटल छपाईची लेबलं लावा. माल ओलाव्यात किंवा थंडीत राहणार असेल तर लेबल कागदाचं नको, प्लॅस्टिक फिल्मचं घ्या. खप वाढला की लेबलांसाठी फ्लेक्सो बघा. त्यातल्या लवचिक प्लेट सिलिंडरपेक्षा स्वस्तात बदलता येतात. मजकूर आणि आकार कायम झाले की मग ग्रॅव्ह्युअर. त्या वेळी सिलिंडर कोणाच्या मालकीचे आणि किती काळ सांभाळले जातील, हे लेखी घ्या.

प्रश्न : पेन आणि टी-शर्टवर लोगो एकाच पद्धतीनं छापता येईल?

एका पद्धतीचा हट्ट नको. पेनच्या गोलाईवर पॅड प्रिंटिंग चांगलं बसतं: मऊ सिलिकॉनचा पॅड शाई उचलून वक्र पृष्ठभागावर टेकवतो. गडद टी-शर्टला स्क्रीन प्रिंटिंग, कारण त्यात शाईचा जाड थर बसतो आणि काळ्यावरही पांढरा ठसठशीत उठतो. मात्र दर रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे जाळी लागते, म्हणून डिझायनरकडून लोगोचं एकरंगी रूप करून घ्या.