वजन कमी करण्याची स्लीव्ह सर्जरी (जठर कापून लहान करतात ती) होऊन बारा दिवस झालेत, सगळं नीट आहे तरी रोज रडू येतं, पश्चात्ताप होतो. असं होतं का? तुम्ही कसं निभावलं?

हो, होतं. बऱ्याच जणांना होतं, फक्त आधी सांगताना यावर कुणी फार वेळ घालवत नाही. लीक (जठराच्या टाक्यांतून गळती), क्लॉट (रक्ताची गुठळी), व्हिटॅमिन, प्रोटीन यावर भरपूर बोलणं होतं आणि मनाचं शेवटी उठता उठता, "थोडे मूड स्विंग होतील बरं का".

तुम्ही लिहिलंय की टाके आता दुखत नाहीत, रिपोर्ट चांगले आलेत, पण संध्याकाळ झाली की रडू फुटतं, "बरं चाललं होतं, कुठून ही अवदसा आठवली" असं वाटतं, आणि सासरी नवरा सोडून कुणालाच खरं माहीत नाही, बाकीच्यांना हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. मी डॉक्टर नाही. माझी पण स्लीव्हच झाली, त्याला आता काही वर्षं झाली, राहायला कोल्हापुरात, ऑपरेशन पुण्यात केलं. औषधांचं आणि डाएटचं तुमची टीम सांगेल तेच खरं, माझं आपलं सोसलेल्या बाईचं बोलणं समजा.

पहिलं म्हणजे या महिना-दीड महिन्यात निर्णय बरोबर होता की चुकला याचा निकाल लावायला बसूच नका. कारण निकाल देणारं डोकं आत्ता उपाशी आहे. भूक लागत नाही म्हणून ते कळत नाही एवढंच. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्तच भाग काढून टाकतात आणि घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या वरच्या भागात तयार होतं, म्हणून पोट गप्प बसलंय. पण अंगाला दिवसाला जेमतेम चार-पाचशे कॅलरी मिळतायत, त्यात भुलीचा शीण, झोप तुकड्या-तुकड्यांत, पाणी पुरेसं जात नाही, आणि सगळी हार्मोन्स हललेली. अशात कुणाला आनंदाच्या उकळ्या फुटणार आहेत.

मला याबाबतीत सगळ्यात जास्त धीर कशानं आला असेल तर एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचून. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे समजून घ्यायला. ती पोरं स्वतःहून आलेली, मनानं खंबीर म्हणून निवडलेली. त्यांना रोज साधारण १५७० कॅलरी मिळायच्या. तरी ती चिडचिडी झाली, उदास झाली, माणसांत मिसळेनाशी झाली, आणि गंमत म्हणजे काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायला लागले. हे वाचलं आणि मला हसूच आलं, कारण मी रात्री बारा-बारापर्यंत मोबाईलवर कोंबडी-वडे कसे करतात ते बघत बसायचे, ज्या बाईनं उभ्या जन्मात वडे थापले नाहीत ती. आपल्या अंगावर साठा असतो, डॉक्टर लक्ष ठेवून असतात, त्यामुळे आपली गोष्ट तंतोतंत तीच नाही हे मान्य, पण कमी खाल्लं की मन बिघडतं यात मन कमकुवत असण्याचा काही संबंध नाही हे मला तेव्हा पटलं.

म्हणून रडू आलं की आधी मनाचा शोध घेत बसू नका, आधी बाटली बघा. सकाळपासून पाणी किती गेलं, प्रोटीन किती गेलं. साधारण दीड-दोन लिटर पाणी आणि ६० ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त प्रोटीन असं टार्गेट देतात, सुरुवातीला तिथवर पोचायला वेळ लागतो, पण ज्या दिवशी पाणी कमी जायचं त्या दिवशी माझी संध्याकाळ हमखास वाईट जायची. डायबेटिस किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर घाम, थरथर, उगाच चिडणं, चक्कर हे साखर किंवा बीपी खाली गेल्यामुळेही असू शकतं, मोजून बघा आणि डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारा, कारण ऑपरेशननंतर या औषधांची गरज खूपदा भराभर कमी होते.

आता दुसरं, आणि माझ्या मते खरं दुखणं तेच. आपण जेवणाकडून फक्त पोट भरून घेत नव्हतो. ऑफिसात बॉसनं झापलं की येताना वडापाव, नवऱ्याशी वाजलं की फरसाण, बरं काही झालं तरी खाणं, वाईट झालं तरी खाणं, आणि कुणाशी बोलायचं नसलं की सरळ कुकर उघडून भात. तो आधार ऑपरेशनच्या टेबलावर एका दिवसात काढून घेतला आणि त्याच्या जागी ठेवलं काय तर गाळलेलं मुगाचं पाणी. म्हणजे आयुष्यातला सगळ्यात मोठा ताण आणि त्या ताणावरचा नेहमीचा उपाय बंद, दोन्ही एकाच आठवड्यात. मग रडू नाही येणार तर काय होणार! तुम्हाला जो पश्चात्ताप वाटतोय ना तो मला तरी बराचसा सुतकासारखा वाटायचा, गेलेल्या माणसाची जशी ठरावीक वेळेला आठवण येते तशी मला साडेपाचच्या चहाला खारीची यायची. सुतक पाळावं लागतं, त्याला "पण वजन उतरतंय ना" असं सांगून ते फिटत नाही.

संध्याकाळ वाईट का, तर ती खाण्याची वेळ. चहा, मग फोडण्या, मग ताटं. मी शेवटी एवढंच केलं की फोडणीच्या वेळेला घरात थांबायचंच नाही. रंकाळ्यावर जायचं, सुरुवातीला पाच-दहा मिनिटंच, बाकावर बसायचं, घोट-घोट पाणी प्यायचं, परत यायचं. चालणं तसंही क्लॉट होऊ नये म्हणून सांगितलेलंच असतं. आणि एका मैत्रिणीला सांगून ठेवलेलं की मी फोन केला तर सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं, नाहीतर तिच्या घरचं काहीतरी रटाळ सांगत बसायचं. ती तिच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं भांडण सांगायची. फार उपयोग झाला त्या टँकरचा.

भूक आणि डोक्यातली भूक यातला फरक कळायला मला बरेच दिवस लागले. पोटाची भूक हळूहळू येते आणि काहीही चालतं तिला. डोक्यातली अचानक येते आणि तिला भजीच पाहिजे असतात. ती आली म्हणजे काही बिघडलं असं नाही, डोकं तर कापलेलं नाही ना, ते जुनंच आहे. थोड्या वेळानं ती जाते. आता घासाचा काळ आला की (तुमचं अजून लिक्विडच चालू असेल, प्युरी मग सॉफ्ट मग साधं असं करत दोनेक महिने जातात) एक नवीन त्रास सुरू होईल तो आत्ताच सांगून ठेवते. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की ताटात टाकायचं नाही, अन्न हे पूर्णब्रह्म. आणि इथं चौथ्या घासाला छातीत गच्च होतं, की थांबायचंच, पाचवा घातला तर उलटी. उरलेला घास टाकताना मला एवढं अपराधी वाटायचं की विचारू नका. त्यावर उपाय सापडला तो पोराच्या उष्टावणाला माझ्या भावानं दिलेली चांदीची वाटी. कपाटातून काढली, घासली, त्यातच वाढून घ्यायला लागले, सोबत तोच छोटा चमचा. दोन-तीन चमचे गुरगुट्या भात-वरण मावायचं, वाटी भरलेली दिसायची आणि संपायची पण. मोठ्या ताटाच्या मधोमध चमचाभर अन्न बघून जे भडभडून यायचं ते बंद झालं. पोरगा कॉलेजला, म्हणायचा आई माझी वाटी ढापली.

आता घरच्यांचं. हर्निया सांगितलंय त्यात काही गुन्हा केला नाहीत. कुणाला काय ऑपरेशन झालं हे सगळ्या गावाला सांगायचं बंधन नसतं, आणि "अगं चालून बारीक झाली असतीस की, शॉर्टकट कशाला" हे ऐकून घ्यायची ताकद या महिन्यात नसते. (शॉर्टकट म्हणणाऱ्यांना एक दिवस माझ्या वाटीत जेवायला घालायची फार इच्छा आहे.) पण माझं मत विचाराल तर घरातल्या स्वयंपाकघराचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्या एका बाईला खरं सांगा. सासूबाई असतील, जाऊ असेल. कारण हर्नियावाल्या सुनेला त्या आठवड्याभरात शिरा करून घालणार, अंगात ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू करणार, आणि तुम्ही रोज नाही म्हणून त्या दुखावणार, तुम्ही चोरून रडणार. लपवण्याचं ओझं वेगळंच असतं.

आमच्याकडे रविवार म्हणजे मटण, त्यात तडजोड नाही. घरभर वास सुटलेला, सगळे तांबडा-पांढरा रस्सा ओरपतायत आणि मी आतल्या खोलीत तोंडावर उशी घेऊन. सासूबाईंना सगळं माहीत होतं, पण त्यांना ते ऑपरेशन अजिबात पटलेलं नव्हतं, महिनाभर माझ्याशी तुटक बोलायच्या. त्या रविवारी त्या आत आल्या, हातात स्टीलची वाटी. मसाला घालायच्या आधीचं अळणी (मटण शिजवलेलं पाणी) बाजूला काढून, गार करून, वर जमलेली चरबी चमच्यानं काढून टाकून, मग पातळ फडक्यातून गाळून आणलेलं, नुसतं हळद-मिठाचं पाणी म्हणा ना. "डॉक्टर सूप चालतंय म्हणलाय न्हवं? हे सूपच हाय." मी ते अर्धा तास लावून प्यायले. बाजूला बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. तुमच्या स्टेजला चालेल का ते विचारून घ्या, पण मुद्दा असा की न पटलेलं माणूससुद्धा खरं माहीत असलं तर मदत करू शकतं, माहीतच नसेल तर बिचारं शिराच करत बसणार.

नवऱ्याला "मला समजून घे" म्हणू नका, त्यातून पुरुषांना काही कळत नाही, कामं सांगा. डाळ गाळून दे, गोळ्यांचा चार्ट तू सांभाळ, फॉलोअपची अपॉइंटमेंट तू घे, आणि मी का केलं हे ऑपरेशन असं म्हणाले तर "तूच तर म्हणत होतीस" हे वाक्य सहा महिने तोंडातून काढायचं नाही. माझ्या नवऱ्याला हे लिहूनच दिलेलं.

वजनकाट्याबद्दल, पहिल्या दोन आठवड्यांत जे भराभर उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं, आणि मग तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच जणांचा काटा अडकतो, कधी आठवडाभर, कधी जास्त. तुमचा तो काळ आता येणार आहे. त्या दिवसांत "एवढं करून पण नाहीच" असं वाटून जीव नकोसा होतो म्हणून आधीच सांगते, अडकतो आणि सुटतो. काटा आठवड्यातून एकदाच, नाहीतर नवऱ्याला माळ्यावर टाकायला सांगा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतील, ते पण बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन, लोह वगैरे नीट जात असेल तर.

आता कधी हे "होतं असं" म्हणून सोडून द्यायचं नाही ते. ताप, धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, दम लागणं, पोटरी सुजून दुखणं, यात वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. सारख्या उलट्या होऊन काहीच टिकत नसेल आणि त्यात चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, पाय बधिर होणं, बोलण्यात गोंधळ असं काही असेल तर ते बी१ व्हिटॅमिन कमी झाल्याचं असू शकतं आणि त्यात उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. आधीपासून डिप्रेशनची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून पण घेऊ नका, ऑपरेशननंतर औषध शोषलं जाण्यात फरक पडू शकतो म्हणून सायकियाट्रिस्टला ऑपरेशन झाल्याचं सांगा. आणि रडणं दोन आठवडे सलग रोजचंच झालं, कशातच जीव रमेना, पाणी प्यावंसंही वाटेना, तर सर्जनच्या टीममध्ये काउन्सेलर असतो किंवा ते कुणाकडे तरी पाठवतात, तसं स्पष्ट मागून घ्या, लाजू नका. जगूच नये असं एकदा जरी मनात आलं तर त्याच क्षणी नवऱ्याला सांगा आणि १४४१६ ला फोन करा, ती सरकारची टेली-मानस लाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की ऑफिसला जॉइन झाल्यावर डब्याच्या वेळेला काय सांगायचं. हर्नियाच चालू ठेवा की, "डॉक्टरांनी थोडं-थोडं खायला सांगितलंय" यावर फार कुणी उलटतपासणी घेत नाही. फक्त जेवताना पाणी प्यायचं नाही आणि नंतर अर्धा तास थांबायचं हे तिथं गप्पांच्या नादात विसरायला होतं. आणि प्रोटीन पावडरच्या वासानंच मळमळतं म्हणालात, तर चॉकलेट-व्हॅनिला सोडून बिनफ्लेवरची आणून बघा, मला ती पातळ ताकात जिरं-मीठ घालून चालली, गरम वरणात मात्र टाकू नका, गुठळ्या होतात.