छोट्या धंद्यात मालवाहतुकीचा खर्च कमी कसा करायचा? स्वतःचा टेम्पो परवडतो का?

टेम्पो घेऊ नका. आधी हे सांगतो, मग बाकीचं. तुम्ही लिहिलंय की सोलापुरात टॉवेलचं छोटं युनिट आहे, पुण्याला आठवड्याला वीसेक नग जातात, ट्रान्सपोर्टवाला दर वाढवत चाललाय, तर सेकंडहँड टेम्पो घ्यावा की दुसरा स्वस्त ट्रान्सपोर्ट बघावा. आमच्या घरात याच विषयावर तीन वर्षं जेवणं बेचव झालीत म्हणून लिहायला बसलोय.

आमचा जयसिंगपुरात भडंगाचा धंदा. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण आणि राहिलेली सगळी हवा. दादाचं म्हणणं, भाड्याचे पैसे दुसऱ्याच्या घशात घालण्यापेक्षा आपली गाडी बरी. मी धाकटा, माझं कोण ऐकतंय, घेतला पिकअप. पुण्याला जाऊन येऊन साडेचारशे किलोमीटर, पेठ नाक्याला हायवेला लागलं की तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, जाताना तीन टोल आणि येताना तेच तीन, बाराचं ॲव्हरेज धरलं तरी 37-38 लिटर डिझेल, वर ड्रायव्हरचा पगार, भत्ता, आणि गाडी दारात उभी असली तरी हप्ता चालूच. जाताना ताडपत्रीपर्यंत भरलेली दिसायची म्हणून दादा खूश. काट्यावर घातली तर माल सातशे किलोसुद्धा भरत नव्हता. आणि येताना? रिकामी, एकदा फक्त वहिनीचं कपाट आणलं.

मग पिकअप गॅरेजला गेला तेव्हा आठ दिवस एका मोठ्या ट्रान्सपोर्टनं माल पाठवला, त्यांचं बिल बघून दादा म्हणाला बघ, लुटतात. मी टेप घेऊन खोका मोजला. 24 बाय 16 बाय 16 इंच. गुणून 1728 नं भागलं की साडेतीन घनफूट, आणि त्यांचा हिशोब असा की हलक्या मालाचं वजन घनफुटाला 6 किलो धरायचं. म्हणजे आत माल 8 किलो आणि भाडं 21 किलोचं. लुटत कोणी नव्हतं, आम्हीच हवा पाठवत होतो. सीलिंगला बसणाऱ्या मावशींना सांगितलं, सील मारायच्या आधी पाकीट तळहातानं जरा दाबा. तीच 40 पाकिटं 20 बाय 16 बाय 12 च्या खोक्यात बसली, भाडं 13-14 किलोवर आलं. दरात एक रुपयाची घासाघीस केली नाही. दादा म्हणाला गिऱ्हाईकाला पाकीट बारकं दिसेल. आजतागायत एकाही दुकानदारानं विचारलेलं नाही, आणि हे मी त्याला दर दिवाळीला ऐकवतो.

दुसरं म्हणजे परतीची गाडी. इचलकरंजीत दक्षिणेकडून सुताच्या गाड्या येतात, खाली झाल्या की परतीचा माल शोधत उभ्या असतात. बेंगलोरच्या पार्टीचा माल मी त्यातच देतो. तुमच्याकडंही पुण्याहून माल घेऊन आलेल्या गाड्या असणारच, त्यांचे ड्रायव्हर कुठं चहा पितात तिथं जाऊन बसा. हां, दिवाळीच्या तोंडावर हे चालत नाही, तेव्हा ड्रायव्हर म्हणेल तो दर.

आणि रोज दोन-दोन नग पाठवू नका. प्रत्येक बिल्टीला, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीला, मिनिमम भाडं लागतं, बिल्टी चार्ज आणि हमाली वेगळी. मंगळवार आणि शुक्रवार ठरवून टाका, पार्टीला तसं सांगा. "उद्याच पाठवतो" हा शब्द आमच्याकडं कोण देतो ते आता सांगायला नको.

स्वस्त ट्रान्सपोर्ट कुठला, ते सोलापूरचं मला माहीत नाही. आणि एक राहिलंच, टॉवेल भडंगापेक्षा जड, त्यामुळं तुम्हाला घनफुटाचा फटका माझ्याएवढा बसत नसेल, पण सैल पोत्यात भरत असाल तर गाठ प्रेस करून बघा, आणि आधी बिलातलं चार्ज्ड वेट, म्हणजे ज्या वजनावर भाडं लावलंय ते, आणि काट्यावरचं वजन शेजारी शेजारी लिहून काढा. दोन्ही सारखंच निघालं तर माझं वरचं निम्मं उत्तर सोडून द्या.

टेम्पो घेऊ नका हे मात्र सोडू नका. एवढं सांगूनही घ्यायचाच असेल तर आमचा आहे, लिंबाखाली उभा आहे, टायर बरे आहेत. फक्त मी विकायला काढलाय हे दादाला अजून सांगितलेलं नाही.