निवेदन काढून टाक

प्रिय बाळ,

तुझा ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा कच्च्या चित्रांचा खर्डा, पाहिला. निपाणीची आजी, विड्या, ठेकेदार, सगळं जागच्या जागी आहे. आणि त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझ्या आवाजात निवेदन! वर विचारतेस, 'घरचे म्हणतात कार्टून पोरांसाठी असतं. मोठ्यांचं वाटावं म्हणून थोड्या शिव्या, मारामारी घालू का?' शिव्या घालून सिनेमा मोठ्यांचा होत नाही गं. समजावून सांगणं थांबवलंस की होतो.

जपानी दिग्दर्शक ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा ॲनिमेशनपट परत बघ. १९८८चा. सुरुवातीलाच स्टेशनात मुलगा मरतो. झाडूवाला त्याच्याजवळचा गोळ्यांचा डबा गवतात भिरकावतो, त्यातून हाडांचे तुकडे सांडतात. कुणाची हाडं, अवाक्षर नाही. पुढे आपलं आपल्यालाच कळतं आणि त्या दिवशी जेवण जात नाही. हाच सिनेमा जपानात 'माय नेबर टोटोरो'च्या जोडीनं लागला होता. स्टुडिओ एकच. एक लहानांनाही दाखवावा असा, दुसरा हा. तेव्हा चित्रं काढली म्हणजे पोरांसाठीच, हा हिशोबच खोटा.

आता तुझी आजी. भिजवलेलं पान, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापलेलं. चिमूटभर जर्दा, वळलं, दोरा गुंडाळला, नखानं तोंड दुमडलं. हे तू दोन सेकंदांत उरकलंस आणि वर वाक्य टाकलंस, 'आजीने आयुष्यभर कष्ट केले.' कशाला? सेकंदाला २४ फ्रेम, दोन फ्रेमला एक चित्र धरलं तर १२ चित्रं. एका विडीला २० सेकंद दे. २४० चित्रं होतील. काढ. अंगठ्याचं नख नीट काढ. कष्ट त्या नखावरून कळू देत. समजावून सांगू नकोस.

ठेकेदार कन्नडमध्ये विड्या नापास करतो, आजी मराठीत पुटपुटते. तेही तसंच ठेव, खाली अक्षरं नकोत. सीमेवरच्या निपाणी-चिकोडीत हे कुणाला सांगावं लागतं? बाहेरच्याला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल, चेहरे तेवढे मन लावून काढ. (सुपातल्या पानांचा तो तपकिरी रंग मात्र काय साधलायस! मला आजवर जमला नाही.)

मी हट्टी आहे, हे तुझ्या कानावर आलं असेलच. आहे. पुण्याच्या एका स्टुडिओत माझ्या फिल्मबद्दल म्हणाले, 'लोकांना कळणार नाही, एक बोलणारा पोपट घाला.' मी कागद गोळा केले आणि बेळगावला आलो. फिल्म अर्धी राहिली, ते दुःख आहेच. शहापुरात ड्रॉइंगच्या शिकवण्या घेतल्या, त्यावर घर चाललं. बायको विचारायची, पोपट घातला असता तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. बघणाऱ्याला बावळट समजायची एकदा सवय लागली की पुढचं प्रत्येक चित्र तसंच निघतं. मी आजही घालणार नाही.

तेव्हा निवेदन काढ. आवाज तीनच ठेव: कात्री, ठेकेदार, आजी. कात्रीचा आवाज आजीच्या पडवीत बसून रेकॉर्ड कर, कॉम्प्युटरवरचा तयार नको. गणपतीच्या आत नवी प्रत पाठव. निवेदनासकट आली तर मी उघडणार नाही.

तुझा,
सर