देशादेशांतल्या सुरक्षा आणि मदतीच्या चर्चांचा संकटातल्या माणसाला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की 'मित्रराष्ट्रांचे परराष्ट्रमंत्री भेटले, प्रादेशिक सुरक्षा आणि मानवतावादी संकटांवर चर्चा झाली' अशा बातम्या सतत येतात, पण त्यातून अडकलेल्या, उपाशी माणसाच्या हाती काही लागतं का, की नुसते हस्तांदोलनाचे फोटो? मी लातूरला राज्यशास्त्र शिकवतो. माझं उत्तर 'हो, लागतं' असं आहे. फक्त ज्या दिवशी फोटो निघतो त्या दिवशी ते दिसत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न २०२२ साली थेट घरात आला. लातूर म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीचं गाव. ज्यांची सरकारी जागा थोडक्यात हुकते आणि खासगी कॉलेजची फी झेपत नाही, अशी मुलं युक्रेन, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स असं कुठे कुठे जातात. २४ फेब्रुवारीला रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं, बाहेर पडायची वाट उरली ती शेजारच्या देशांतून, आणि लातूर, नांदेड, बीडकडच्या कितीतरी घरांत लोकांची झोप उडाली. आमच्या गल्लीतली एक मुलगी युक्रेनमधल्या खारकीव शहरात होती. तिचे वडील मला म्हणाले, "सर, पोलंडवाले आपल्या लेकरांना आत का घेतील? आपलं त्यांचं काय नातं?"

प्रश्न अगदी रास्त होता. पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोवाकिया हे चारही देश नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी गटात, आपण कुठल्याच लष्करी गटात नाही. त्यातून २५ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत रशियाच्या निषेधाचा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला होता. म्हणजे नाराज व्हायला त्यांच्याकडे कारण होतं. तरीही त्यांनी आपल्या मुलांना व्हिसाशिवाय आत घेतलं आणि बुखारेस्ट, बुडापेस्ट, झेशूफ, कोशित्से इथे आपली विमानं उतरू दिली. भारताने चार केंद्रीय मंत्री त्या त्या देशात नेऊन बसवले. 'ऑपरेशन गंगा' या सुटकेच्या मोहिमेत बावीस हजारांहून जास्त लोक परत आले. सुमी शहरातली सुमारे सातशे मुलं मात्र दोन्ही बाजूंच्या तोफा थांबल्याशिवाय निघूच शकत नव्हती. त्यासाठी मॉस्को आणि कीव या दोन्ही ठिकाणी बोलावं लागलं, आणि ८ मार्चला बसगाड्या युक्रेनमधल्याच पोल्टावा शहराकडे निघाल्या. आपल्या तटस्थतेवर टीका करणाऱ्यांचं म्हणणं मला समजतं, पण त्या आठवड्यात दोन्हीकडे फोन उचलला गेला हे त्याच धोरणाचं फळ होतं.

मात्र या मुत्सद्देगिरीचा हात बहुतेक वेळा सीमेपर्यंतच पोचतो. खारकीवमध्ये तोफगोळे पडत असताना २ मार्चला आपल्या दूतावासाने मुलांना सांगितलं की शहर ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर चालत पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिवका गाठा. जवळात जवळचं गाव अकरा किलोमीटरवर. एकोणीस-वीस वर्षांची पोरं थंडीत ते अंतर चालली. हे सांगताना आजही मला वाईट वाटतं.

आता सुरक्षेकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात ती आणि मदत एकत्र आली आहे. त्या मुळातच एकत्र असतात. पुरात आणि भूकंपात तीच जहाजं, तीच मालवाहू विमानं आणि तेच लोक लागतात, जे एरवी संयुक्त सराव करतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर काही दिवसांतच भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांनी मदतीसाठी एक गट केला. आपलीच किनारपट्टी उद्ध्वस्त झाली असताना भारतीय नौदल श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला पोचलं. जानेवारीत काम संयुक्त राष्ट्रांकडे सोपवून तो गट विसर्जित झाला, पण त्याच चार देशांतून पुढे २००७ मध्ये क्वाड हा सुरक्षाविषयक गट उभा राहिला. इंधन कुणाच्या बंदरात भरायचं, कुणाच्या हवाई हद्दीतून जायचं हे तहान लागल्यावर विहीर खणून जमत नाही. अमेरिकेशी २०१६ मध्ये, फ्रान्सशी २०१८ मध्ये, जपान आणि ऑस्ट्रेलियाशी २०२० मध्ये आपण जे रसदीचे करार केले, त्यांची बातमी कुणी वाचत नाही. मला ते संयुक्त निवेदनांपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

सगळी तयारी असूनही ज्याच्या घरात संकट आहे त्याने दार उघडलं नाही तर काही चालत नाही. मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळाने म्यानमारमध्ये लाखाहून जास्त माणसं नेली. अमेरिकेची जहाजं मदत घेऊन किनाऱ्याबाहेर कितीतरी दिवस उभी राहिली आणि लष्करी राजवटीने परवानगी न दिल्याने परत गेली. भारताची राणा आणि किरपाण ही जहाजं मात्र सुरुवातीलाच यांगूनला जाऊ शकली, कारण त्या राजवटीशी आपण बोलणं तोडलेलं नव्हतं. २००५ च्या काश्मीर भूकंपात पाकिस्तानने आपले तंबू, औषधं घेतली, पण भारतीय वैमानिकांसह हेलिकॉप्टर घ्यायला नकार दिला. डोंगरात माणसं अडकली असताना वाद झाला तो हेलिकॉप्टर कुणी चालवायचं यावर.

आणखी एक प्रकारचं सहकार्य आहे, संथ आणि पैशांचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसं गेली. ढिगारे उपसले ते आपल्या जवानांनी आणि गावोगावच्या लोकांनी. पण नव्या जागी गावं वसवायला जागतिक बँकेचं कर्ज आलं आणि ते काम काही वर्षं चाललं. त्या घरांच्या रचनेबद्दल इकडे तक्रारी आहेत, पण लोकांच्या डोक्यावर छप्पर आलं. आज हेच संथ सहकार्य आटतंय याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था गुंडाळली. सुदानमध्ये दुष्काळ जाहीर झालेला असताना तिथल्या तरुणांनी चालवलेली कितीतरी अन्नछत्रं पैसा थांबल्यामुळे बंद पडली. त्याच सुदानमधून २०२३ मध्ये सौदी अरेबियाने जेद्दामार्गे वाट दिल्याने आपले हजारो लोक सुखरूप घरी आले होते. सुदानी माणसाला जायला दुसरं घर नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा 'चिंता व्यक्त केली' हे वाक्य सोडून द्या आणि निधी, मार्ग, बंदर, सराव यांचा उल्लेख आहे का ते बघा. आणि घरातलं कुणी परदेशात शिकत असेल तर त्याची तिथल्या भारतीय दूतावासात आजच नोंदणी करायला लावा. युक्रेनमधल्या दूतावासाने १५ फेब्रुवारीलाच, म्हणजे युद्धाच्या नऊ दिवस आधी, विद्यार्थ्यांना तात्पुरतं बाहेर पडायला सुचवलं होतं. वर्ग ऑनलाइन होणार नाहीत म्हणून बरीच मुलं थांबली. अशी सूचना आली तर हजेरीचा विचार करू नका, तिकीट काढा.