कयाकमागे शार्क लागला तर

कयाकमधून (वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद होडीतून) मासेमारी करताना शार्क मागे लागला तर काय करायचं, हे पहिल्या फेरीच्या आधीच विचारलंत, बरं केलंत. शार्कला बहुतेक वेळा तुमच्यात रस नसतो, त्याला हवा असतो तुमचा मासा. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात लोंबकळत ठेवणं. मीही केली आहे. एकदा दोरीला हिसका बसला, ओढून पाहतो तर माशाचं नुसतं डोकं! तेव्हापासून मासे थेट बर्फाच्या पेटीत, आणि साफ करणं किनाऱ्यावर आल्यावरच.

शार्क दिसलाच तर:

- हातपाय आत. वल्ह्याने पाणी बडवू नका.
- गळाला मासा असेल तर दोर कापा. सुरी हाताशी हवी, पेटीच्या तळाशी नव्हे. मोठा मासा सोडवत नाही हो, पण सोडा.
- त्याच्यावर नजर ठेवून संथ लयीत किनाऱ्याकडे निघा.

अंगावर आलाच तर वल्ह्याने डोळे, कल्ले, नाक यांवर जोरात हाणा.

त्याहून जास्त भीती कयाक उलटण्याची. लाइफ जॅकेट घालून, उथळ पाण्यात मुद्दाम उलटून परत चढायचा सराव आधी करा, १० वेळा तरी. एकटे जाऊ नका. शार्कच्या जाती ओळखणं वगैरे नंतर बघू.