मराठीचे हक्क तुझ्याकडे ठेव

चि. नव्या डॉक्टरांस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. परदेशी विद्यापीठ प्रकाशनाच्या नव्या पुस्तकांची यादी तू पाठवलीस, त्यातल्या काही नावांवर पिवळा रंग फासलास आणि खाली एकच ओळ लिहिलीस, ‘बाई, माझा प्रबंध यांच्याकडे पाठवू का?’ नको पाठवू. तुझ्या कामात खोट आहे म्हणून नव्हे. पेण-अलिबागच्या मधल्या धरमतर खाडीच्या दोन्ही काठांवरच्या खारबंदिस्तीवर, म्हणजे खारं पाणी अडवून शेत राखणाऱ्या बांधांवर, इतकं बारीक काम माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. पण प्रबंध त्यांना नकोच असतो. त्यांना पुस्तक हवं असतं, आणि ते तू अजून लिहिलेलं नाहीस.

तेव्हा आधी ती यादीच नीट वाच. आपण प्राध्यापक मंडळी अशी यादी ग्रंथालयाच्या खरेदीसाठी वाचतो, नाहीतर कोणाचं काय आलं या कुतूहलाने. तू ती धंद्यातल्या माणसासारखी वाच. पुस्तक कोणत्या मालिकेत आलंय, पानं किती, किंमत काय, आधी फक्त महागडी पुठ्ठाबांधणी काढलीय की पेपरबॅकही बरोबर आहे, मलपृष्ठावर शिफारस कोणाकडून घेतलीय. पुस्तक हाती आलं तर पहिलं प्रकरण उघडण्याआधी ऋणनिर्देश उघड. तिथे संपादकाचं नाव बहुतेक सापडतंच, आणि हा प्रबंध पुस्तक व्हायला किती वर्षं लागली तेही कळतं. प्रकाशनाच्या बातम्याही अशाच वाचायच्या. पुरस्कार कोणाला मिळाला यापेक्षा नवी मालिका कोणती सुरू झाली आणि तिचे संपादक कोण, ही बातमी तुझ्या कामाची.

उदाहरणच देते. शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं पुस्तक स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०२२ मध्ये काढलं, ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’. शीर्षकात आणि उपशीर्षकात ना तमाशा आहे ना महाराष्ट्र. आत मात्र महाराष्ट्रच आहे. त्याआधी वर्षभर, २०२१ मध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन प्रेसने जुनेद शेख यांचं ‘आउटकास्ट बॉम्बे’ काढलं. तिथे गावाचं नाव थेट शीर्षकात, कारण मुंबई म्हटलं की जगात कुठेही पुढे सांगावं लागत नाही. पेणचं तसं नाही. (पेण म्हटल्यावर आपल्याच लोकांना गणपतीच्या मूर्तींपलीकडे काही आठवत नाही, तर सिएटलमधल्या संपादकाला काय आठवणार?) म्हणून तुला हे ठरवावं लागेल की ज्याने पेणचं नाव ऐकलेलं नाही त्याला पेणचा बांध काय सांगतो.

उत्तर तुझ्या प्रबंधातच आहे, फक्त ते शेवटून दुसऱ्या प्रकरणात दडवून ठेवलंयस. समुद्र बाहेर ठेवण्याचं काम कोणी करायचं, आणि समुद्र बाहेर राहिल्यावर जी जमीन उरते ती कोणाची? हा प्रश्न हॉलंडच्या माणसालाही कळतो आणि सुंदरबनातल्याही. तो पहिल्या पानावर आण.

आता या प्रकाशनांविषयी थोडं. केंब्रिजला छपाईची सनद १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने दिली आणि पहिलं पुस्तक निघालं १५८४ मध्ये, म्हणजे घाई हा त्यांचा गुण पहिल्यापासून नाही. ऑक्सफर्डने मुंबईत शाखा उघडली ती १९१२ मध्ये. आता या दोन्ही प्रकाशनांनी स्वतःचे छापखाने बंद केलेत, छपाई बाहेर होते. पण निर्णय घ्यायची रीत जुनीच आहे. तुझं टिपण आधी संपादक वाचतो. त्याला बरं वाटलं तर साधारण दोन तज्ज्ञांकडे जातं. त्यांचे अभिप्राय आणि त्यांवरचं तुझं उत्तर असं सगळं मग विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या मंडळापुढे ठेवतात. केंब्रिजमध्ये त्यांना सिंडिक म्हणतात, ऑक्सफर्डमध्ये डेलिगेट. म्हणजे संपादकाला तू आवडलीस एवढ्याने भागत नाही, त्याला तुझी बाजू मंडळापुढे मांडता आली पाहिजे. प्रस्तावाचं टिपण त्याच्यासाठी लिहायचं असतं: पुस्तक काय म्हणतं, प्रकरणं कोणती, शब्द किती, याच विषयावर आधी काय आलंय आणि तुझं त्याहून वेगळं काय, वाचणार कोण. वाचणार कोण याचं उत्तर ‘अभ्यासक आणि सर्वसामान्य वाचक’ असं देऊ नकोस. ते सगळेच देतात.

खरं काम मात्र पुस्तक लिहिण्याचं. पावसाळ्याआधी आपल्याकडे पडवीला झापं बांधतात ना, तसा तुझा प्रबंध चहूबाजूंनी झापं बांधून बसलाय. परीक्षकाचा एकही सपकारा आत येऊ नये म्हणून. ते तेव्हा बरोबरच होतं. आता ती झापं सोडायची. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण सबंध काढ, त्यातलं जे खरंच लागतं ते टिपांत जाईल. ‘संशोधनपद्धती’ची पानं काढ. ‘या प्रकरणात आपण पाहिले की’ ने सुरू होणारा प्रत्येक परिच्छेद काढ. परदेशी सिद्धान्तकारांच्या नावांची जी माळ तू दुसऱ्या प्रकरणात ओवलीस तिच्यातले दोन मणी ठेव, बाकी तोडून टाक. मग जे उरेल ते बघ. माझ्या अंदाजाने निम्मंच उरेल, आणि ते निम्मं उत्तम आहे.

पहिलं प्रकरण नव्याने लिही. उधाणाच्या रात्री बांधाला खांड जाते, म्हणजे भगदाड पडतं, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी दाबाने निसटते, घरटी एक माणूस चिखल-पेंढा घेऊन धावतो, आणि तरी पाणी शिरतंच; पुढची काही वर्षं त्या खाचरांत भात धड येत नाही. हे तू म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घेतलंस आणि मग परिशिष्टात घातलंस! परिशिष्टात! तिथून पुस्तक सुरू होऊ दे. त्या एका रात्रीत तुझे सगळे मुद्दे आहेत: कोण धावलं, कोण माडीवर झोपून राहिलं, दुसऱ्या दिवशी बांध घालायला धान्य कोणाच्या कणगीतून गेलं.

त्यानंतर कागद. १८८३ च्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या गॅझेटियरमधली शिलोत्री, म्हणजे समुद्र हटवून काढलेल्या, जमिनींची माहिती तू वापरलीसच, पण ती जशीच्या तशी खरी मानून. गॅझेटियर सारा वसूल करणाऱ्या सरकारने काढलेलं आहे, त्याला बांध दिसतो तो उत्पन्न म्हणून. त्याच्या शेजारी तुझे आंग्रेकालीन मोडी कागद ठेव. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, तर त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा बांध एकाच गावात कसा बदलला हे दाखवणारे कागद तुझ्याइतके हाताळलेत कितीजणांनी? मोडी येणं हे तुझं भांडवल आहे. प्रस्तावात ते स्पष्ट लिही, लाजू नकोस.

आणि चरी गावचा संप. १९३३ ते १९३९, अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला, नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक कायदेमंडळात आणलं. हे तू ‘राजकीय पार्श्वभूमी’ म्हणून चार पानांत गुंडाळलंस. पार्श्वभूमी कसली? जमीन पडीक राहिली त्या वर्षांत बांध कोण राखत होतं? तुझ्या एका मुलाखतीत त्याचा धागा आहे, तो ओढ. पुढे खारजमिनींचा कायदा आला १९४८ मध्ये आणि खोती काढणारा १९४९ मध्ये, लागोपाठ. एका कायद्याने बांध सरकारच्या दारात नेला, दुसऱ्याने जमीन खोताच्या हातून सोडवली. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यापर्यंत आणि आजच्या ‘बांध फुटला तर अर्ज कोणाकडे द्यायचा’ या भांडणापर्यंत सरळ रेघ जाते. ही रेघ म्हणजे तुझं पुस्तक.

तज्ज्ञांचे अभिप्राय येतील तेव्हा एक कडू असेलच. मी स्वतः असे अभिप्राय लिहीत आले आहे, म्हणून सांगते: कडू अभिप्राय लिहिणाऱ्याने पुस्तक बहुधा जास्त नीट वाचलेलं असतं. दोन दिवस तो उघडू नकोस, मग मुद्देसूद उत्तर दे. जिथे पटत नाही तिथे नम्रपणे नाही म्हण आणि कारण दे. सगळं मान्य करणाऱ्या लेखकाबद्दल मंडळाला उलट शंका येते.

‘आपला प्रबंध आम्ही पुस्तकरूपात काढू, पंधरा दिवसांत आयएसबीएन’ अशी पत्रं तुला आता रोज येतील. पुसून टाक. आयएसबीएन हा पुस्तकाचा नुसता ओळखक्रमांक, तो आपल्याकडे सरकारी संस्था फुकट देते, त्यात मोठेपणा काही नाही. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या त्या खुल्या संकेतस्थळावर, प्रबंध चढलाय म्हणून पुस्तक कोण घेणार, ही तुझी भीतीही सोड. पुस्तक पुरेसं वेगळं असेल तर बहुतेक संपादक त्याला अडत नाहीत. विचारतील मात्र, तेव्हा लपवू नकोस.

नकाशे आत्तापासून काढून घे. चांगला नकाशा काढणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, छायाचित्रांच्या परवानग्याही लेखकालाच आणाव्या लागतात. शब्दसूचीही बहुतेक वेळा लेखकाच्याच गळ्यात पडते. ती तूच कर. दुसऱ्या कोणी केली तर ‘उघाडी’, ‘खांड’, ‘शिलोत्री’ हे सगळे शब्द ‘बांध पाहा’ या एका नोंदीखाली जातील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. करार येईल तेव्हा आनंदाच्या भरात शेवटच्या पानावर सही करू नकोस. सर्व भाषांमधले, सर्व देशांमधले हक्क प्रकाशनाकडे, असं कलम त्यात बहुतेक असतंच. त्यातून मराठी वगळायला सांग. विद्यापीठ प्रकाशनाला मराठी हक्कांतून फारसं काही मिळायचं नसतं, वेळेवर आणि सभ्यपणे मागितलं तर ती माणसं बऱ्याचदा देतात. भारतीय आवृत्ती परवडणाऱ्या किमतीत काढणार का, हेही तेव्हाच विचार. मोफत वाचता येईल अशी आवृत्ती काढायची सोय काही ठिकाणी असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने २०१५ पासून तशी ‘ल्युमिनोस’ नावाची योजना चालवली आहे, पण खर्चाचा काही भार लेखकाच्या संस्थेने उचलायचा असतो, तेव्हा तुझ्या कॉलेजचा चेहरा आधी बघून घे.

मराठीवर मी एवढी का अडून बसले आहे? लीळाचरित्राचा पहिला इंग्रजी खंड २०२४ मध्ये हार्वर्डने काढला, अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला. हार्वर्डच्या ‘मूर्ती’ या भारतीय अभिजात ग्रंथमालेच्या रीतीप्रमाणे डावीकडे देवनागरीत मूळ मराठी, उजवीकडे इंग्रजी. म्हाइंभटाची भाषा जगाच्या ग्रंथालयात अशी ताठ मानेने गेली याचा मला फार आनंद झाला. तुझं पुस्तक उलट्या दिशेचं आहे. ते लिहिलं जाणार इंग्रजीत, आणि ज्यांनी तुला ती उधाणाची रात्र सांगितली त्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक जाणार नाही, गेलंच तर त्याची किंमत त्यांच्या भाताच्या पोत्यांएवढी असेल. अर्थात मराठी पुस्तक म्हणजे इंग्रजीचं भाषांतर नव्हे, तेही तुला वेगळंच लिहावं लागेल. मराठी वाचकाला खोत कोण हे सांगायला पान खर्चायचं नाही. त्या जागी गावांची, बांधांची, माणसांची नावं येऊ देत. आणि छापल्यावर प्रती प्रकाशकाच्या भरवशावर सोडू नकोस. १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला प्रत जायला हवी, ती जाते की नाही ते बघ. आमच्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयाला, जे १८२८ पासून उभं आहे, आणि पेण-अलिबागच्या वाचनालयांना तू स्वतः नेऊन दे.

आत्ता एवढंच कर. दोन पानं लिही, मराठीत, टिपांशिवाय: कोणत्या रात्री कोणता बांध फुटला आणि त्यानंतर काय झालं. सिद्धान्तकाराचं एकही नाव नको. गणपतीत घरी येशीलच, तेव्हा घेऊन ये. इंग्रजी प्रस्तावाचं आपण गौरी गेल्यावर बघू.

तुझी,
बाई