वाचकांचे प्रश्न : तीन बंदुकांची सायकल

प्रश्न : आमच्या घरी माळ्यावर आजोबांची जुनी सायकल पडून आहे. हँडलखालच्या नळीवर पितळी मोनोग्राम असून त्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका आहेत. आजोबा ती कोणालाही चालवू देत नसत आणि विचारले की ‘पलटननी सायकल शे ती’ एवढेच म्हणत. ही खरोखर ब्रिटिश लष्कराची सायकल असेल काय? आणि सायकलवरून लढणारी पलटण ही काय भानगड होती?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : तीन बंदुकांचे ते चिन्ह लष्कराचे नसून कारखान्याचे आहे. बर्मिंगहॅम येथील बंदुका घडवणाऱ्या कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ ही कंपनी काढली. बीएसए हे तिचेच लघुरूप होय. बंदुकांची मागणी लढाई असली की वाढे आणि तह झाला की बसे, त्यामुळे यंत्रे रिकामी राहू नयेत म्हणून कंपनीने १८८० पासून सायकलींचे काम हाती घेतले आणि बंदुकांची खूण सायकलीवरही गेली. शाळामास्तर, तलाठी आणि पोस्टमन यांनी चालवलेल्या बीएसए सायकलींवरही हेच चिन्ह असे. म्हणून केवळ मोनोग्राम पाहून आजोबांचे म्हणणे खरे किंवा खोटे ठरवता येणार नाही.

लष्करी सायकल ओळखायची तर दुसऱ्या खुणा पाहाव्या लागतात. पहिल्या महायुद्धात बीएसएने सैन्याला पुरवलेल्या सायकलींना बंदूक अडकवण्यासाठी चिमटे बसवलेले असत. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या वस्तूंवर बाणाचा छाप मारण्याची पद्धत होती. तो कोंबडीच्या पावलाच्या ठशासारखा दिसतो. सायकलवर एकावर एक रंगाचे थर चढले असतील, तर पायडलच्या आसाजवळ आणि सीटखालच्या नळीवर रॉकेलचा बोळा फिरवून पाहावे. मात्र सँडपेपर लावू नये, कारण मूळ रंग आणि उथळ छाप दोन्ही त्यात जातात.

आता पलटणीविषयी. इंग्लंडमधील केवळ सायकलस्वारांची पहिली तुकडी, सव्विसावी मिडलसेक्स, १८८८ मध्ये स्वयंसेवक दलात उभी राहिली. डनलप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले तेही त्याच वर्षी, त्यामुळे सुरुवातीच्या त्या शिपायांनी भरीव रबराच्या टायरवर किती हाडे खिळखिळी करून घेतली असतील याची कल्पना करावी. सायकलीचे गुण उघड होते : तिला वैरण लागत नाही, ती खिंकाळत नाही, आणि गोळीबार सुरू झाला की गवतात आडवी टाकून शिपाई मोकळा होतो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) टेहळणी आणि निरोप पोहोचवणे या कामांसाठी दोन्ही बाजूंनी सायकली वापरल्या. तिथल्या मॅफेकिंग या शहराला बोअरांनी घातलेल्या वेढ्यात तर शाळकरी वयाची मुले सायकलवरून चिठ्ठ्या पोहोचवत होती. १९०८ मध्ये प्रादेशिक सेना स्थापन झाली तेव्हा तिच्यात सायकलस्वारांच्या अनेक बटालियन आल्या. इंग्लंडच्या किनाऱ्यावर गस्त घालणे हे त्यांचे मुख्य काम असे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सला गेलेल्या ब्रिटिश सैन्याच्या प्रत्येक पायदळ डिव्हिजनबरोबर (म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या फौजेबरोबर) सायकलस्वारांची एक कंपनी होती आणि पायदळाच्या बटालियनांतही टेहळणीसाठी सायकलस्वार असत. मिडलसेक्स रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमधील जॉन पार हा असाच एक पोरसवदा शिपाई. २१ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधील मॉन्स शहराजवळ तो शत्रूचा माग काढायला सायकलवरून गेला आणि परतला नाही. पश्चिम आघाडीवर मारला गेलेला पहिला ब्रिटिश सैनिक म्हणून त्याची नोंद आहे. सँ सिंफोरियँ येथील त्याच्या थडग्यावर वय वीस कोरलेले असले, तरी भरती होताना त्याने ते वाढवून सांगितले होते. त्याच्या समोरच, काही पावलांवर, जॉर्ज एलिसन याचे थडगे आहे. तो ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, शस्त्रसंधीच्या दिवशी, पडला.

त्याच १९१४ च्या नोव्हेंबरात ‘आर्मी सायक्लिस्ट कोअर’ हे स्वतंत्र दल निघाले. एका डिव्हिजनच्या सायकल कंपनीच्या भरतीपत्रकात सायकल आणि गणवेश मिळेल असे सांगून वर दात किडलेले असले तरी चालेल असेही छापले होते. पण हे दल उभे राहीपर्यंत आघाडीवर खंदक खणले गेले होते आणि सायकल चालवायला रस्ताच उरला नव्हता. पुढचे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पहिल्या दमदार पावसानंतर कपाशीच्या काळ्या रानातून ज्याने सायकल नेली आहे, त्याला टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती कशी गच्च बसते, काडीने उकरावी तर दहा पावलांवर चाक पुन्हा कसे अडते आणि अखेर सायकलच खांद्यावर कशी येते, हे ठाऊक असते. बेल्जियममधील फ्लँडर्स या रणभूमीच्या चिखलात, त्यातही तोफांनी नांगरलेल्या, काय झाले असेल ते यावरून ताडावे. सायकलस्वारांना मग खंदक खणणे, ओझी वाहणे आणि रस्त्यांवर वाहतुकीचे नियंत्रण करणे अशी कामे दिली गेली. १९१६ मध्ये डिव्हिजनच्या कंपन्या एकत्र करून कोअर पातळीवर, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या फौजेच्या पातळीवर, बटालियन करण्यात आल्या. शेवटच्या वर्षी आघाडी हलली तेव्हा त्यांना पुन्हा थोडे काम मिळाले, आणि युद्ध संपताच दल मोडीत निघाले. ब्रिटिश सेनापतींनी सायकलीचा उपयोग ओळखला नाही असे काही जण लिहितात. मला ते पटत नाही. त्यांनी तो वेळेवर ओळखला होता, फक्त त्यांना जे युद्ध लढावे लागले ते सायकलीचे नव्हते.

प्रश्न : या सायकल पलटणींपैकी एखादी हिंदुस्थानात आली होती काय?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आल्या होत्या, आणि एक नव्हे तर चार. केंट, लंडन, हॅम्पशायर आणि ससेक्स येथील सायकल बटालियन १९१६ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानाकडे निघाल्या. गंमत अशी की निघण्यापूर्वीच त्यांचे साध्या पायदळात रूपांतर झाले होते. म्हणजे नावात सायकल राहिली आणि पाय जमिनीवर आले. पंचविसावी लंडन आणि ससेक्सची बटालियन १९१७ मध्ये वझिरीस्तानच्या डोंगरात लढली, जिथे सायकल असती तरी तिचा भारच झाला असता. हॅम्पशायरची बटालियन १९१८ च्या अखेरीस हिंदुस्थानातून थेट सैबेरियात पाठवली गेली. तेव्हा अमळनेरच्या वाचकांची सायकल या पलटणींबरोबर आली असावी, असा तर्क करण्याचा मोह आवरावा.

प्रश्न : विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांजवळ घडीची सायकल असे, हे खरे आहे का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : खरे आहे, आणि तीही बीएसएचीच. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी काढलेल्या या सायकलीची फ्रेम मधोमध दुमडत असे आणि हाताने फिरवता येणारे दोन नट आवळले की ती पुन्हा ताठ होई. खाली सोडताना ती अशी बांधत की जमिनीचा पहिला धक्का चाकांना न बसता हँडलला आणि सीटला बसावा. प्रत्यक्षात ती विमानापेक्षा जहाजातूनच अधिक लढाईवर गेली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही तुकड्यांकडे ती होती, आणि वाळूतून व गर्दीतून ढकलून कंटाळलेल्या अनेकांनी ती लवकरच टाकून दिली.

सायकलीवर खरी मोहीम जिंकली ती ब्रिटिशांच्या शत्रूने. ८ डिसेंबर १९४१ रोजी मलायात उतरलेल्या जपानी पायदळाने सायकलींवरून दक्षिण गाठली; उन्हाने टायर फुटले की ते काढून नुसत्या रिमांवर सायकली हाकल्या. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. ज्या रस्त्यांवरून हे सैन्य आले ते उत्तम डांबरी रस्ते रबर आणि कथील बंदरापर्यंत नेण्यासाठी ब्रिटिश अमदानीतच बांधलेले होते.